मॉलच्या दारात बसलेली पाच पोरं

गावाहून आलेल्या माणसाने सामान ज्याचं त्याच्या हाती द्यायचं, आणि तेही पहिल्याच शुक्रवारी, ही आमच्या कोकणातल्या लोकांची इथली रीत. सुट्टी संपवून कतारला परतणाऱ्याच्या बॅगेत निम्मं सामान दुसऱ्यांचंच असतं. माझ्या अम्मीने सोडे आणि कोकम पाठवलं होतं ते चाचांबरोबर. चाचा म्हणजे सख्खे नव्हेत. रत्नागिरीजवळच्या आमच्या मोहल्ल्यातले, भिंतीला भिंत लागून घर. इथे गवंडीकाम करायचे, शहराबाहेर कामगारांच्या कॅम्पात राहायचे. बायको आणि तीन लेकी त्या एका नोकरीवर जगत होत्या.

अल अझीझियातलं आमचं घर त्यांना सापडणार नाही, म्हणून एका मॉलपाशी भेटायचं ठरलं. मी, आमचे हे आणि अकरावीतली लेक पोचलो, तर चाचा बाहेर उन्हात उभे. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. गार्ड आत सोडेना. शुक्रवार फॅमिलीवाल्यांचा, एकट्या पुरुषांना आत घ्यायचं नाही म्हणे. त्याने मला हिंदीत विचारलं, हे तुमच्या फॅमिलीतले का? आणि मी अक्कल गहाण टाकल्यासारखी खरं तेच बोलले. म्हटलं, नाही, आमचे गाववाले आहेत. आमच्यात गाववाला म्हटलं की संपलं, त्याहून जवळचं नातं कुणी विचारत नाही. गार्डला त्याचं काय होय! त्याने हात आडवा केला तो केलाच.

तेवढ्यात हाफ पँट घातलेला एक गोरा माणूस आला, एकटाच, आणि सरळ आत गेला. गार्डने उलट त्याला दार उघडून धरलं. लेकीने ते पाहिलं आणि विचारलं, "याची फॅमिली कुठंय?"

गार्डने दार लावून घेतलं. तोही पोटासाठी आलेला, चाचांच्याच रंगाचा. चाचा मला म्हणाले, असू दे बाय, मला आत काय काम आहे. पिशवी माझ्या हातात दिली आणि बसस्टॉपकडे चालू लागले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. गाडीत आमचे हे म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. मी मान डोलावली. यांची हमद पोर्टवरची क्लार्कची नोकरी गेली तर आम्हा तिघांचं इथलं राहणंच खलास. मी दुसरं काय म्हणणार?

लेक मात्र गप्प बसली नाही. शाळेत त्यांना नुकताच तो धडा झाला होता, अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांचा. जिथे त्यांना वाढत नसत त्या खानावळीत ती पोरं जाऊन नुसती बसायची. कुणी ढकललं, अंगावर काही ओतलं तरी हात उचलायचा नाही. पोलिसांनी ओढलं तर अंग सैल सोडायचं. आठवडाभर ती हेच बोलत होती. मला वाटलं, प्रोजेक्ट असेल. कसला प्रोजेक्ट नि कसलं काय.

पुढच्या शुक्रवारी शेजारणीचा फोन आला, तुझी मुलगी मॉलबाहेर जमिनीवर बसलीय. मी टॅक्सी करून धावले. पाच जण होते, तीन मुली, दोन मुलं, मांडीवर पुस्तकं. बाहेर अडवलेली माणसं आत जातील तेव्हाच आम्ही आत जाऊ, असं त्यांनी गार्डला सांगितलं होतं. आणि त्यांच्या मधोमध चाचा! लेकीने फोन करून बोलावलं होतं. मोहल्ल्यातल्या पोरीने हाक मारली म्हणजे काही अडलं असेल, म्हणून तो भला माणूस दोन बस बदलून आला. ती म्हणाली बसा, तर बसले. कशासाठी ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

इथे परवानगीशिवाय असं जमून बसता येत नाही, हे पोरांना कोण सांगणार? मॅनेजर पोरांशी अगदी गोड बोलत होता, त्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या. चाचांकडे मात्र त्याने इथल्या रहिवासाचं कार्ड मागितलं आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढला. मग माझ्याकडे वळून हिंदीत विचारलं, हा माणूस तुमच्याबरोबर आहे का?

आता सांगायला हवं होतं. माझे चाचा आहेत, एवढंच. पण त्याच्या हातातला मोबाइल माझ्यासमोर होता, पुढचा फोटो आमच्या कार्डाचा. मी म्हटलं, मी फक्त मुलीला न्यायला आलेय.

चाचांनी ऐकलं. हिंदी त्यांना चांगली कळते.

मी लेकीचं मनगट धरून ओढलं आणि तिने अंग सैल सोडलं. माझ्याशी! धड्यातल्या पोलिसाच्या जागी मी होते. हात उचलला नाही, ओरडली नाही, नुसती ओल्या गोधडीसारखी जड झाली. मला ती हलवेना. शेवटी चाचाच म्हणाले, "ऊठ बाय, आईचं ऐक." त्यांच्या शब्दाखातर ती उठली. चाचा तिथेच बसून राहिले, कारण कार्ड अजून मॅनेजरच्या हातात होतं.

पोरांच्या घरी फोन गेले, रागावणं झालं, बाकी काही झालं नाही. महिन्याभराने चाचांचा फोन आला तो रत्नागिरीहून. काम संपलं म्हणून कंपनीने परत पाठवलं होतं. त्या फोटोमुळेच का, कोण जाणे. मी विचारू तरी कुणाला? मी माफी मागायला लागले तर त्यांनी मला अडवलं.

"पोरीला कळू देऊ नकोस," ते म्हणाले. "मला शेजारी बसवलं तिने. तिच्या मनाला लागेल."

मी बरं म्हटलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं, कारण आता मी काय बोलले होते तेही तिला सांगावं लागणार नव्हतं. आणि हायसं वाटलं म्हणून माझी मलाच किळस आली.

परवा जेवताना लेक म्हणाली, परीक्षा संपली की चाचांना आपल्या घरी जेवायला बोलावू, इथे त्यांना कुणी अडवणार नाही. त्यांना कुठल्या शुक्रवारी जमेल?

मी म्हटलं, विचारून सांगते.