घरमालक आणि 'तुमच्या'

पेन चालतंय का, हे तो तळहातावर रेघ ओढून बघायचा. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझ्याकडे बघायचा, जणू पाटी मीच रंगवली. स्वतःच्या घराचं दारसुद्धा टकटक करून उघडायचा. 'नाही' म्हणायची वेळ आली की 'बघतो' म्हणायचा. फोनवर कुणी रागावलं की उभा राहायचा. हसू आलं की आधी नाक चोळायचा.

तो गेला. सकाळी आंघोळीला आत गेला आणि बराच वेळ पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. त्याच्या आईने हाका मारल्या, शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. हृदय बंद पडलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. चाळिशीही झाली नव्हती. यापेक्षा जास्त मला अजून लिहिता येत नाही.

आम्ही त्याला घरमालक म्हणायचो. त्याचं स्वतःचं घर नव्हतं. आई आणि तो दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. पण तोही भाड्याने द्यायचा, जाहिरातीची खाती. मोबाइलवर आपण लोकांचे फोटो बघत असतो आणि मध्येच चपला, गाद्या, क्लास दिसतात. ते दाखवायला दुकानदाराला त्या कंपनीत खातं लागतं. नव्या माणसाचं खातं कंपनी लहानशा संशयावरून बंद करते. जुन्या, मोठ्या जाहिरात एजन्सीच्या खात्यांवर मात्र तिचा विश्वास असतो. घरमालक अशा एका एजन्सीकडून खाती घ्यायचा आणि छोट्या दुकानदारांना महिन्याच्या भाड्याने द्यायचा. एजन्सीच्या एका छपराखाली दहा-बारा भाडेकरू असायचे.

आईला हे कधी नीट कळलं नाही. तिने नातेवाइकांत सांगून टाकलं की मुलाच्या बऱ्याच जागा भाड्याने आहेत. त्यावर एक स्थळही चालून आलं.

"मुलीच्या वडिलांनी विचारलं, जागा कुठे आहेत," त्याने मला सांगितलं होतं.

"मग?"

"म्हटलं, हवेत."

"आणि?"

"आणि काय, ते चहा न घेता उठले."

मी साहित्यात एम. ए. केलं होतं आणि नोकरी मिळत नव्हती. झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्याच्या खोलीत मी भाडेकरूंच्या जाहिराती लिहून द्यायचे. तो मला साहित्यिकबाई म्हणायचा. "साहित्यिकबाई, गादीवर चार ओळी लिहा. झोप येईल अशा लिहा, पण वाचणाऱ्याला. तुम्ही झोपू नका."

त्याच्या भाडेकरूंमध्ये एक बूटवाली ताई होती. ज्या मुलांचा एक पाय आखूड असतो त्यांच्यासाठी ती बूट बनवायची. एका बुटाचा तळ जाड, पण बाहेरून दोन्ही अगदी जोडीचे दिसावेत असे. कातडं तिचा दीर शिवायचा. पूर्वी गल्लीतले लोकच यायचे. जाहिरात सुरू झाल्यावर लांबलांबच्या आया फोन करू लागल्या. तिने शेजारची खोली घेतली, दिराच्या हाताखाली शिवायला दोघं ठेवले. तिच्या जाहिरातीचं पहिलं वाक्य माझं होतं. 'तुमच्या मुलाचा एक पाय आखूड आहे का?'

त्याच छपराखाली एक पूडवालाही होता. चरबी वितळवणारी पूड विकायचा. कंपनी तपासायची तेव्हा त्याच्या जाहिरातीतून उघडणाऱ्या पानावर साधं सरबत दिसायचं. मंजुरी मिळाली की रातोरात त्या जागी पांढरा कोट घातलेला खोटा डॉक्टर उभा राहायचा. घरमालकाला हे माहीत होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "भाडेकरू घरात काय शिजवतो ते मालकाने बघायचं नसतं." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "बघतो."

मग एका दुपारी कंपनीने ते अख्खं छप्परच उतरवलं. एकाच्या पुडीपायी सगळ्यांची खाती बंद झाली. शिवाय जी पानं त्या खात्यांना जोडलेली होती त्यांच्यावरही डाग लागला. त्यांना दुसरीकडेही कुणी घेईना. फोन सारखा वाजत होता. घरमालक उभा राहून एकेकाला उत्तरं देत होता. ताईचा फोन आला तेव्हा त्याने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"दादा, माझं काही चुकलं का हो?" ती म्हणाली.

ती ओरडली असती तर तो खरं बोलला असता, असं मला आता वाटतं. पण ती ओरडली नाही.

"ताई, तुमच्या जाहिरातीत 'तुमच्या' शब्द होता ना," तो म्हणाला. "बघणाऱ्याच्या घरातल्या दुखण्यावर असं थेट बोट ठेवलेलं कंपनीला चालत नाही."

असा नियम खरंच आहे. म्हणून मलाही पटलं. वाक्य माझं होतं. मी खाली मान घालून बसले. ताई पलीकडून एवढंच म्हणाली, "असं होय. मला काय कळतंय त्यातलं."

नंतरच्या महिन्यांत तिच्याकडचे फोन थांबले. तिने शेजारची खोली सोडली. शिवणारे दोघं गेले. दीर पिशव्यांच्या कारखान्यात कामाला लागला.

घरमालकाने पूडवाल्याला काढून टाकलं. पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी 'नाही' म्हटलं. नवी खाती घेतली, पण आता भाडेकरूंची पानं तो रोज उघडून बघू लागला. जेवण कमी झालं. आई मला विचारायची, "अगं, याचं कुठे काही जमलंय का? नुसता भिंतीकडे बघत बसतो." एके संध्याकाळी खोली बंद करताना त्याने कुलूप हातातच धरून ठेवलं.

"तुझा शब्द नव्हता गं," तो म्हणाला.

"कुठला?"

"'तुमच्या'. त्याने काहीच झालं नव्हतं. ती पूड होती. ताईला मी खोटं सांगितलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही बघ."

मी त्याच्या हातातलं कुलूप घेऊन दाराला लावलं. तो म्हणाला, "पैशाचं बघू, ते फेडता येईल. पण ती बाई समजते की तिचा धंदा तिनेच बुडवला. हे सांगून टाकायला हवं. तोंडावर."

आम्ही तिच्याकडे गेलो. एकच खोली उरली होती. भिंतीला लाकडी पावलं टांगलेली, खाली कातड्याचे तुकडे, डिंकाचा वास. एक आई मुलाला घेऊन बसली होती. ताईने तिला विचारलं, "बाळाच्या पायाला... म्हणजे, मुलांच्या पायांना असं किती दिवस असतं साधारण?" ती आई गोंधळली. मीही गोंधळले. मग लक्षात आलं. ताई 'तुमच्या' म्हणायचं टाळत होती.

तिचा नवरा कोपऱ्यातून हसत म्हणाला, "सवयच लागलीय तिला. मला 'तुमचा चहा' म्हणायची, आता नुसतं 'चहा' म्हणते. कंपनी आमचा चहा बंद करेल म्हणून."

"तुम्ही गप्प बसा," ताई म्हणाली, आणि जीभ चावली. सगळे हसले. घरमालकाने नाक चोळलं नाही.

ती आई गेल्यावर ताई त्याच्याकडे वळली. "दादा, तेव्हा खाती देणाऱ्या बाकीच्यांनी फोनसुद्धा उचलले नाहीत. निदान काय चुकलं ते तरी सांगितलंत. आता दिराच्या मुलीलाही शिकवलंय, शब्द जपून वापरायचा." मग तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. "टाचा बाहेरून झिजल्यात. पाठ दुखत असेल. ठेवा पाय इथे, एक जोड करून देते. पैशाचं नाव काढायचं नाही."

तो नको नको म्हणत होता. तिने जमिनीवर कागद अंथरला होता. त्याने डावा पाय ठेवला. ती गुडघ्यांवर बसून पावलाभोवती पेन्सिल फिरवू लागली.

"ताई, त्या शब्दाचं असं आहे..." तो म्हणाला.

"हलू नका हो, रेघ बिघडेल."

पेन्सिल करंगळीकडून टाचेकडे, टाचेकडून अंगठ्याकडे गेली. त्याचा चेहरा मी बघितला नाही. मला तो बघवला नसता.

"आता दुसरा."

"राहू दे," तो म्हणाला. चप्पल घातली. "परवा येतो."

"परवा नक्की या. दोन पाय सारखे नसतात कुणाचे. एका मापावर जोड होत नाही."

जिन्यात तो कठड्याला धरून थांबला. "परवा आधी सांगेन," तो मला म्हणाला. "तिला पेन्सिल उचलू द्यायची नाही. आधी सांगेन, मग तिला वाटलं तर दुसरा पाय."

त्यानंतरची सकाळ मी वर लिहिली आहे.

ताईकडे कागदावर त्याच्या डाव्या पायाची रेघ आहे. उजव्याचं माप राहिलं, आणि सांगायचंही.