ट्रान्समीटरची ओटी

तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा नोएडातली आमची फॅक्टरी बघायची म्हणालात. ती आता नाही. त्या प्लॉटवर फ्लॅट झाले आहेत आणि समोरच्या चहावाल्याच्या जागी एटीएम आहे. पण तिथली एक गोष्ट तुमच्या पणजीची आहे, म्हणून लिहून ठेवते.

तिथे रेडिओ केंद्रांसाठी ट्रान्समीटर बनत. तुमचे आजोबा ते बनवत आणि मी ते परदेशी पाठवण्याचं काम बघत असे. ही गोष्ट ज्या ट्रान्समीटरची, तो दुहेरी दाराच्या कपाटाएवढा होता. प्रशांत महासागरातल्या एका बेटांच्या देशाने मागवलेला. तिथला जुना बंद पडला होता आणि नोव्हेंबरात तिकडे वादळांचा मोसम सुरू होतो. कोळ्यांना समुद्रात वादळाची खबर मिळायची ती रेडिओवरूनच, त्यामुळे त्याआधी तो पोचून चालू व्हायलाच हवा होता. जहाज ठरलेलं होतं. ते चुकलं की पुढचं वादळांच्या मोसमातच पोचणार.

अशी वस्तू पाठवणं म्हणजे नुसती खोक्यात घालणं नव्हे. आधी तिला चंदेरी जाड पिशवी चढवायची, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या, पंपाने हवा ओढून घ्यायची, मग भोवती लाकडी पेटी. लाकूडही भट्टीत तापवलेलं, त्यातून किडा परदेशात जाऊ नये म्हणून. पेटीला बाहेरून एक छोटी खूण चिकटवायची, जोरात आदळलं की ती लाल होते. शिवाय मी लिहून द्यायचे की आत गवत, धान्य, बी, साल काहीही नाही. तुमच्याकडे विमानतळावर पिशवीतल्या लाडवाचीसुद्धा चौकशी होते, तसंच.

पेटी बंद करायच्या दिवशी फॅक्टरीत पूजा असायची, घरच्यांनाही बोलावत. त्या वेळी सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, आल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तीन वर्षं आपला मुलगा ताटावरून उठून या यंत्रासाठी जातो हे त्यांनी पाहिलं होतं. आम्ही सगळे 'तो' ट्रान्समीटर म्हणायचो, सासूबाई मात्र त्याला 'ती' म्हणायच्या. पूजा झाली, जिलेबी वाटली गेली, मी कागदांच्या मागे आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवार मोडताना त्या सहज म्हणाल्या, "काल तिची ओटी भरली हो मी. इतक्या लांब चाललीय, रिकामी कशी पाठवायची?"

मी विचारलं, ओटीत काय काय होतं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण. कुठे ठेवलीत? तर तिच्या पोटात, खालच्या कप्प्यात.

"मी नुसती दिली. ठेवली तुझ्या नवऱ्याने."

तुमचे आजोबा शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी म्हटलं, अहो, आत तांदळाचा दाणा चालत नाही हे तुम्हाला माहीत नाही का? तिकडच्या बंदरात सापडलं तर पेटी अडकवून ठेवतील, नाहीतर परत पाठवतील.

"आईला नाही कसं म्हणणार होतो?" ते म्हणाले. खालचं झाकण कोण उघडून बघतंय, असंही म्हणाले.

"बरं. आणि नारळात पाणी असतं, ते माहीत होतं?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्या यंत्राच्या आसपास कुणी चहाचा कप आणला तरी हा माणूस ओरडायचा. त्याच माणसाने आत, तारांच्या शेजारी, पाण्याने भरलेला नारळ ठेवला होता. उन्हातान्हात महिनाभर प्रवास, नारळ तडकला की संपलं.

ट्रक दुपारी यायचा होता. गुपचूप काढून टाकता आलं असतं, पण आजोबांना ते जमेना. त्यांनी सासूबाईंना सगळं नीट सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "भरलेली ओटी कुणी काढून घेतं का रे?" आणि गवारीची ताटली घेऊन आत गेल्या. आम्ही निघालो तेव्हा मात्र पायात चप्पल घालून दारात उभ्या होत्या.

पॅकिंगचा फोरमन मला म्हणाला, मैडम, कल ही तो बंद किया था. पण त्याने स्क्रू काढायला घेतले. चंदेरी पिशवी कापली तेव्हा हवा आत शिरल्याचा सुस्कारा आला आणि आजोबांनी डोळे मिटून घेतले. खालचं झाकण उघडलं. खणाची गाठ सुटून तांदूळ तारांमध्ये सांडले होते. नारळ कलंडून एका कॉइलला टेकला होता.

कुणी हात पुढे करेना. सासूबाई जवळ आल्या, नारळाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पदर पसरला.

"मुलगी निघताना ओटीतले चार दाणे माहेरी ठेवतेच. ही जरा जास्त ठेवतेय. घाल यात."

आजोबा पोटावर झोपून, तोंडात टॉर्च धरून चिमट्याने एकेक दाणा उचलू लागले आणि ऑपरेशन झालेल्या नव्या डोळ्यांनी सासूबाई वरून सांगत होत्या, डावीकडे बघ, तारेखाली अजून एक आहे, लहानपणीही तुला ताट नीट पुसून जेवता यायचं नाही. फोरमन तोंड फिरवून हसत होता. नारळ, हळकुंड, सुपारीही पदरात गेली; खण मी झटकून तपासला आणि आत राहू दिला. कापडाला कुणाची हरकत नव्हती.

पिशवी नवी चढवली, हवा काढली, पेटी ठोकली. ट्रक वेळेवर दादरीच्या कंटेनर डेपोकडे गेला. त्या तांदळाचा सासूबाईंनी भात केला आणि आम्हाला वाढला. स्वतः मात्र ताटाला नमस्कार करून दोनच घास खाल्ले.

पेटी तिकडे पोचली, बंदरात उघडली गेली, यंत्राच्या त्या खालच्या झाकणासकट. आजोबा जोडणीसाठी गेले होते. ऑक्टोबर संपता संपता त्यांचा फोन आला. ऐका, म्हणाले, आणि रेडिओजवळ फोन धरला. एक बाई अनोळखी भाषेत सावकाश काहीतरी वाचत होती. मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. आजोबांनी सांगितलं की हवामानाच्या बातम्या आहेत, आज समुद्र शांत आहे.

बातम्या संपेपर्यंत सासूबाई ऐकत राहिल्या. मग फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, "आवाज खणखणीत आहे हो तिचा."