फुलवाल्या मावशींची शिकवणी

फुलवाल्या मावशी कुठंही गेल्या की आधी संडास कुठं आहे ते विचारायच्या. लग्नघर असो की बँक, चारचौघांत आणि खणखणीत आवाजात. आजारामुळं त्यांचं मोठं आतडं काढून टाकलेलं होतं. लहान आतड्याचं टोक पोटावर आणून शिवलेलं, त्यावर पिशवी चिकटवलेली. मळ त्या पिशवीत जमायचा आणि ती दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करावी लागायची. ‘इलिऑस्टॉमी’ हा शब्द शाळा न शिकलेल्या मावशी न अडखळता म्हणायच्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या एका दवाखान्यात माझंही तेच ऑपरेशन झालं. मी तेवीस वर्षांची होते. शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर हातात होती. आठवडाभर मी पोटाकडं बघितलं नाही. आई पिशवी बदलायची आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. शेवटी सर्जननी पूर्वी त्यांनीच ऑपरेशन केलेल्या मावशींना जवळच्या मखमलाबादहून बोलावलं. त्या आल्या, आईला दार लावायला सांगितलं आणि पदर बाजूला करून स्वतःच्या पोटावरचं आतड्याचं टोक मला दाखवलं.

“लाल हाय, ओलं हाय, म्हणजे बरं हाय,” त्या म्हणाल्या. “काळं पडलं तर डॉक्टरकडं पळायचं. बाकी घाबरायचं काय नाय.”

त्या दिवशी मी माझं पोट पाहिलं.

मग त्या बाजार उरकून रोज दुपारी यायच्या. पिशवीचं भोक बरोबर मापाचं कापायचं, नाहीतर भोवतालची कातडी सोलवटते. सकाळी काही खाण्याआधी बदलायची, तेव्हा आतडं शांत असतं. उन्हाळ्यात मीठ-साखरेचं पाणी चुकवायचं नाही. हे सगळं त्यांनी माझ्याच हातून करून घेतलं. माझी पिशवी पहिल्यांदा दोन दिवस न गळता टिकली, तेव्हा त्यांनी शेवंतीची वेणी आणून माझ्या केसांत माळली.

त्यांना स्वतःला असं शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं. ऑपरेशननंतर जावेनं सांगितलं होतं, देवाच्या हारांना आता हात लावू नका. मावशी हात धुऊन आल्या, फुलांपाशी बसल्या आणि म्हणाल्या, “माझी घाण पिशवीत बंद हाय. हात साबणानं धुतलेत. तू धुतलेस का?” जाऊ हात धुवायला मोरीकडं गेली. हार दोघींनी मिळून ओवले.

माझी शाळा इगतपुरीला होती. वडील म्हणत होते, नोकरी नको. मावशींनी त्यांना सांगितलं की मी टोपली घेऊन रस्त्यावर बसते, हिला तर खुर्ची मिळणार आहे. रुजू व्हायच्या दिवशी त्या एसटीनं माझ्यासोबत आल्या. मुख्याध्यापकांनाही त्यांनी आधी संडासच विचारला आणि दोन वाक्यांत माझं ऑपरेशन सांगून टाकलं. सरांनी कपाटातून संडासाची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि संडासाजवळचा वर्ग मला दिला. फाटकापाशी निरोप घेताना मावशी म्हणाल्या, “आत मान खाली घालून उभी होतीस. खाली घालण्यासारखं तू काय केलंयस?”

दहाएक वर्षांनी मावशींना न्यूमोनिया झाला. त्यातून त्या उठल्या नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा नवी नर्स पिशवी चिकटवताना गोंधळत होती. मी पदर खोचला. कातडी धुऊन कोरडी केली, माप घेतलं, कापलं, चिकटवलं आणि पक्कं बसेपर्यंत तळहात दाबून धरला. मावशींना बोलताना धाप लागत होती, तरी त्यांनी नर्सला जवळ बोलावलं.

“नीट बघून घे,” त्या म्हणाल्या. “ह्या बाई शाळेत शिकवतात. ह्यांना मी शिकवलंय.”