शिवून माघारी

निघालो त्या दिवशी सांगलीच्या एसटी स्टँडवर अख्खं कबड्डी मंडळ आलं होतं. बाबा बॅगेची कुलपं पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. माझ्या प्रत्येक चढाईला आई मैदानाच्या कडेवरून जे ओरडायची, तेच तिने बस हलताना हळू आवाजात सांगितलं, "शिवून माघारी यायचं." मी म्हणालो, "दोन वर्षं गं, शिकून आलोच."

गड्यांनो, पुढचं तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं असेल. आज सगळं सांगतो.

जर्मनीत डार्मश्टाटला मेकॅनिकल शिकता शिकता मी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात शिरलो. इथे कबड्डी नव्हती आणि अंग गप्प बसेना, एवढंच कारण. ट्रेनरने मला वाइड रिसीव्हर केलं. म्हणजे कडेने सुसाट पळायचं, लांबून आलेला चेंडू झेलायचा आणि समोरच्या टोकाची रेषा ओलांडायची. पहिल्याच सामन्यात चेंडू झेलला, दोघांना हुलकावणी दिली, रेषा चार पावलांवर आली आणि एकाची बोटं खांद्याला निसटती लागली. झालं! गडी शिवला की मध्यरेषा गाठायची, तोवर गुण नाही, हे अंगात मुरलेलं. गर्रकन वळलो आणि चेंडूसकट आपल्याच हद्दीकडे धूम ठोकली. शेवटी आमच्याच एका धिप्पाड गड्याने मिठी मारून थांबवलं. ट्रेनर म्हणाला, "आल्झो... वोहिन?" म्हणजे, कुठे निघालास? तेव्हापासून संघात माझं नाव 'नाख हाउजे', घरी चाललेला.

घरी मात्र गेलो नाही. शिक्षण संपताच एका व्यावसायिक संघाने फेरट्राग, म्हणजे करार, पुढे केला आणि मी सही करून टाकली. फोनवर आई रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "तुमच्या त्या खेळात माघारी यायचं नसतंय व्हय?" एवढंच तिने विचारलं. पुढचे सगळे सीझन, चेंडू हातात आला की तो प्रश्न पाठीशी पळायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात आई-बाबा दोघं इकडे आली. बाबा स्टेडियममध्ये ब्रेट्झेल नावाच्या इथल्या खारट पावावरचं मीठ खरवडत बसले होते. लांबचा चेंडू आला, मी झेलला, आणि मागून कुणाचा तरी हात पाठीला लागला. जुनी खोड, पाय अडखळलेच. तेवढ्यात त्या गोंगाटातून आईचा आवाज आला, "माघारी फिरू नगंस, पळ!"

पळालो. टोकाची रेषा ओलांडली, टचडाउन झालं. सगळे अंगावर पडायच्या आत चेंडू टाकला, उलटा धावत मैदानाच्या मध्यापर्यंत आलो आणि तिथली रेषा पायाने शिवली. ट्रेनरने कपाळाला हात लावला. मी इतका खूश कधीच नव्हतो.

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी गडबडायचो. आता सांगतो, जिथे येऊन दम सोडता येतो ते. सामना संपल्यावर धापा टाकत कठड्यापाशी गेलो. आईने माझ्या घामेजल्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांकडे वळून म्हणाली, "अहो, बघा. आला की माघारी."