मुहूर्त राहू दे, आधी डोंगर

गेल्या रविवारी माझ्या लेकीचं, स्नेहलचं लग्न होतं. पेडण्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव, घरामागे काजूचा डोंगर, आणि दारातच मांडव... हॉल घ्या, हॉल घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण लेकीचा हट्ट, लग्न लागेल तर आपल्याच दारात.

लोक हॉल घ्या म्हणत होते ते वाऱ्यामुळे. यंदा फाल्गुनात घाटाकडून असा कोरडा वारा सुटला की विचारू नका. मांडवाचं कापड दोनदा फाटलं, रांगोळी तर काढली तशी उडाली. डोंगरावरचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, पाय पडला की चुरा होत होता.

वऱ्हाड सावंतवाडीकडून सकाळीच आलं. विहीणबाई कमी बोलणाऱ्या, अंगावर कडक पैठणी... मला त्यांची जरा धास्तीच. चहा वेळेत गेला ना, खुर्च्या पुरल्या ना, माझा सगळा जीव तिकडे.

मुंडावळ्या बांधून झाल्या, भटजींनी अंतरपाट धरायला घेतला आणि धुराचा वास आला. आधी वाटलं, आचाऱ्याचं काही लागलं असेल. तेवढ्यात शेजारची शेवंती ओरडतच आली, "उजो लागलो गे! डोंगराक उजो लागलो!" उजो म्हणजे आग. तिचा गोठा डोंगराला अगदी लागून आहे. आत दोन गाभण गायी आणि माळ्यावर वर्षाचं गवत.

वर बघितलं तर धूर आभाळात जातच नव्हता... वाऱ्याने आडवा होऊन आमच्याकडेच येत होता. अग्निशामक दलाला फोन लावला. ते दुसऱ्या डोंगरावर आगीशीच झुंजत होते. येतो म्हणाले, पण वेळ लागेल.

भटजी म्हणाले, "मुहूर्त टळतोय. पटकन अक्षता टाकून घेऊया का?" त्यांचंही काही चूक नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले आणि मी विहीणबाईंकडे... समोरच बसल्या होत्या ना!

स्नेहलनेच शालू वर खोचला. "आये, मुहूर्त राहू दे. आदीं डोंगर." मुंडावळ्या सोडून तिने माझ्या हातात दिल्या आणि निघालीच.

"अगो, नवरी कधी आगीत जाते का?" आमची एक मावशी ओरडली. तोवर ती मागच्या दारातून बाहेर पडली होती. मागोमाग नवरामुलगाही, फेटा खुर्चीवर ठेवून.

मग मी कुणाकडे बघितलं नाही. आचाऱ्याने गॅस बंद करून सिलिंडर रस्त्याकडे ओढून नेले, पाण्याची पिंपं टेम्पोत चढवली. आमच्या ह्यांनी आणि इतर पुरुषांनी कोयते घेतले. आम्ही बायकांनी हिरव्या पानांचे टाळे, म्हणजे डहाळ्या, तोडल्या... आग झोडपायला दुसरं काय असतं आमच्याकडे!

गोठ्याच्या वर आडवा पट्टा साफ करायचा होता. पाला ओढून काढायचा, जमीन उघडी करायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळत नाही. दर वर्षी हे आम्ही थोडंफार करतोच, पण एवढ्या वाऱ्यात कधी नाही. ठिणग्या पट्ट्यावरून उडून आमच्या मागे पडत होत्या. एक विझवावी तर दुसरी...

जुनी माणसं म्हणत होती, दुपारी समुद्राकडून खारं वारं सुटलं की आग उलटी फिरेल, तोवर मागे सरा. मागे म्हणजे कुठे? मागे शेवंतीचा गोठा, त्याच्यामागे आमचं घर. मी सरळ सांगितलं, "खारं वारं येईल तेव्हा येईल. मी इथून हलत नाही."

डोळ्यांतून पाणी, घशात राख, धड काही दिसेना. माझ्या बाजूला एक बाई तोंडाला पदर बांधून दणादण टाळा हाणत होती. "विहीणबाय, पायाकडे बघा, ठिणगी पडली!" आवाज ऐकून मी चमकलेच. आमच्या विहीणबाई! पैठणी गुडघ्यापर्यंत खोचलेली, अंबाड्याचा पत्ता नाही.

आग पट्ट्यापाशी आली, धुमसली आणि तिथेच बसली. अग्निशामक दलाची माणसं गाडी खाली ठेवून चालत वर आली, जळती खोडं त्यांनी विझवली. आणि सगळं आटोपल्यावर खारं वारं आलं... पंगती उठल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखं!

वरच्या अंगाचे काजू मात्र गेले. मोहोरासकट, बोंडांसकट. ते बघून आमचे हे तिथेच खाली बसले. मलाही रडू आवरेना. पण गोठा राहिला, गायी राहिल्या, घर राहिलं.

लग्न गोरज मुहूर्तावर लावायचं ठरलं. नवरीच्या शालूला भोकं, नवऱ्याच्या कपाळाला काजळी. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, लग्नाच्या दिवशी आग म्हणजे अपशकुनच की... मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई उठल्या. "अपशकुन-बिपशकुन काय नाय हां. हात धुवा नि अक्षता घेवा!"

सगळ्यांनी हात धुतले, अक्षता घेतल्या आणि लग्न लागलं.

आज हे लिहितेय तरी वारा चालूच आहे, खिडकी नुसती आपटतेय. कशाला तो डोंगर सांभाळता, विकून टाका, असे फोनही येताहेत. नाही विकणार. पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा काजूच लावणार.

लग्नाला आलेल्या मंडळींनो, नटूनथटून जेवायला आलात आणि उपाशीपोटी डोंगर चढलात, तुमचे उपकार कसे फेडू... आता रोपं लावायलाही या. विहीणबाईंनी तर कालच फोन करून दम दिलाय, "माका बोलवल्याशिवाय एक रोप लावचा नाय!"