चढावरचं फिजिक्स

क्लच म्हणजे काय, हे मला पूर्णपणे समजलेलं आहे. गाडी तेवढी चालवता येत नाही.

मी अमरावतीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. जे स्वतःच्या शब्दांत सांगता येतं तेच समजलं, असं मी पोरांना बजावत असतो. (पोरं मला टरकून असतात.) त्यामुळे आम्ही जुनी गाडी घेतली आणि माझी मुलगी पल्लवी मला क्लच समजावून "समजलं का, बाबा?" म्हणाली, तेव्हा मी घर्षणापासून सुरुवात करून उलट तिलाच सगळा क्लच समजावला. बिचारीला वाटलं, बाबांना आलं!

परतवाड्याला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. गाडी मी चालवणार म्हटल्यावर ही, म्हणजे माझी बायको, मागच्या सीटवर डोळे मिटून बसली. मला तो अपमान वाटला. शहराबाहेर पडायच्या आधीच उड्डाणपुलाच्या चढावर सगळ्या गाड्या थांबल्या. आमच्या मागे संत्र्यांचा हातगाडा, आणि तो ढकलणारा म्हातारा. पुढची रांग हलली. मी ब्रेकवरचा पाय उचलला आणि पूल पुढे जायला लागला. म्हणजे आम्ही मागे!

"बाबा, गाडी मागं जाऊन राहिली," शेजारी बसलेली पल्लवी म्हणाली.

"हो, गुरुत्वाकर्षणानं. चढावर वजनाचा एक भाग..."

"अवो, ते मंग सांगा," मागच्या सीटवरून हिचा आवाज आला. "आधी थांबवा."

आरशातला म्हातारा मोठा मोठा होत होता. ब्रेक मधला, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या पायाला ते कुणी सांगितलंच नव्हतं! क्लच गच्च दाबून मी भीतीनं पल्लवीचा हात धरला. नेमका तोच हात हँडब्रेक ओढायला निघाला होता. तिनं हिसडा मारून हात सोडवला आणि हँडब्रेक खेचला. गाडी थांबली. गाड्यात आणि आमच्यात एक संत्रं मावलं असतं, तेही सोललेलं.

म्हातारा वाचला. मी घामानं निथळत होतो. पल्लवीनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आता समजलं, बाबा?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटेना.

"त्यायले नको विचारू," ही मागून म्हणाली. "बोलून नाही राहिले, म्हंजे समजलं."