बबनदादाची हरणांची भिंत

पांडुरंग, तुला लाज न्हाई.

माझ्या भावाला, बबनदादाला, जाऊन आज वर्ष झालं. वर्षश्राद्धाला म्हणून सकाळी माहेरी उतरले, तर शाळेची भिंत पांढरीफट.

वरून निळ्या अक्षरात तुझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!

तू चुलतभाऊ. घरातलं घरात ठेवावं म्हणतात. ठेवत न्हाई मी. गावाच्या ह्या ग्रुपवर सगळे वाचतात, म्हणून इथंच लिहून राह्यले.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते.

दादा अंबडला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तोंडाचा फाटका. पाटी रंगवता रंगवता मालकालाच शिव्या द्यायचा.

एका साली आमच्या माळावर वीटभट्टी लागली. बिहारकडची माणसं आल्ती, बायकापोरांसकट.

आणि एक दिवस ह्या पांडुरंगाच्या तुरीत हरणी सापडली. फाशात मेलेली. गाभण.

हा बोंबलत सुटला, "ह्या बिहाऱ्यांचंच काम! हाकला जल्दी!"

आपलं शहाणं गाव निघालं काठ्या घेऊन. झोपड्या मोडल्या. चुलीवरचा भात लाथाडला.

दादा फाशाची तार घेऊन आडवा उभा राह्यला.

"पांड्या, ही तार तुझ्या फाटकाची हाये. फाटकाला हिरवा रंग मी मारला. हा बघ, तारेला लागलेला."

आठवतं ना, पांडुरंग?

काठ्या खाली आल्या. झोपड्या गावानंच परत उभ्या केल्या. आणि दादानं शाळेची भिंत मागून घेतली.

अख्ख्या भिंतीवर हरणांचा कळप काढला. मधोमध डोक्यावर विटा घेतलेल्या भट्टीवरच्या बाया, आणि त्यांच्या बराबरीनं चालणाऱ्या आपल्या बाया.

खाली गवत काढलंच न्हाई. त्याच्या जागी, लग्नघरी हळदीचे पंजे मारतात तसे गेरूचे पंजे. दर घराचा एक.

भट्टीवरची सुनैना लांबूनच मला म्हणली, "दीदी, हमरा हाथ भी लगेगा?"

दादा म्हणला, "पहिला तुझाच. आमचे मागून."

पांडुरंग मागं मागं सरकत होता. काकूनं, ह्याच्या सख्ख्या आईनं, कान धरून पुढं आणला.

"मेल्या, फासा लावायला हात होता ना? लाव आता इथं!"

गेरूत डिंक घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई. पहिल्याच पावसात पंजे वाहून गेले.

दादा खुश. "बरं झालं! दरसाल पोळ्याला येऊन परत मारा. एकदा मारून विसरून जाल, लेकाच्यांनो."

भट्टीवाले पावसाळ्यात गावाकडं जायचे. म्हणून ते परत आल्यावर त्यांचे पंजे त्यानं ऑइलपेंटनं पक्के केले.

आणि काकू गेली तेव्हा तिचाही.

कळलं का पांडुरंग? तुझ्या आईच्या हातावर चुना मारला तू. त्याच्यावर स्वतःचं नाव काढून घेतलं, आणि खाली उभं राहून फोटो काढला. हसून राह्यला फोटोत!

सकाळपासून लोक मला समजावून राह्यले. "अक्का, जाऊ द्या. बबन काय बघायला येणार हाये?"

बबन न्हाई येणार. मी आले ना.

तुला वाटलं, ज्यानं तार ओळखली तो गेला, भिंत पुसली की झालं. बिलकुल न्हाई.

चुना खरवडून भिंत होती तशी करतो का न्हाई, एवढंच सांग. मला फोन करू नको. मधी माणूस घालू नको. इथं, सगळ्यांसमोर लिही.

न्हाई लिहिलं तर पोळ्याला गाव गेरू घेऊन तुझ्या बंगल्यावर येईल. तुझी भिंत शाळेपेक्षा मोठी हाये. मला हरीण काढता येत न्हाई, पण चौथी शिकलेय. हरणी कुणी मारली त्याचं नाव लिहिता येतं.

दादा, तुला श्रद्धांजली आज वाहत न्हाई. आधी ह्याचं उत्तर येऊ दे.

खांदेमळणीपर्यंत, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वाट बघते, पांडुरंग.